वाडीहून एकटीनं

नागपूरहून अमरावती रोडवर वाडी नाका आला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक दिसू लागतात. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांबाहेरच्या पाट्यांवर गावांची नावं ओळीनं रंगवलेली असतात: रायपूर, इंदूर, हैदराबाद, सुरत. हा रस्ता पश्चिमेला अमरावती, अकोला, धुळे करत सुरतेजवळच्या हजिऱ्यापर्यंत जातो आणि पूर्वेला रायपूर, संबलपूरवरून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, जुनी माणसं मात्र अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. वाडीच्या गोदामांमधून माल रोज देशभर जातो आणि कोणता माल कुठे जायचा याचा निर्णय इथे तासातासाला होत असतो.

अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे वाडीत माणसंही देशभरातून आली. डिफेन्सच्या क्वार्टरांमध्ये मराठी, बंगाली, तेलुगू, भोजपुरी घरं भिंतीला भिंत लावून राहिली. या घरांना प्रवास नवा नाही. नोकरदाराला एलटीसी मिळायची, चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जाता यायचं. त्यामुळे कन्याकुमारी, पुरी, दार्जिलिंगचे फोटो या क्वार्टरांच्या भिंतींवर लागले. त्या प्रत्येक फोटोत सगळं कुटुंब असतं.

अशा घरात वाढलेली, आता नागपुरात बर्डीला नोकरीला जाणारी एखादी मुलगी चार दिवसांची सुटी टाकते आणि म्हणते, मला एकटीला कुठेतरी जाऊन यायचं आहे. घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एकटीच काहून? सोबत कोणी नाही का?”

खरं तर ती एकटी पुष्कळदा गेलेली असते. परीक्षेला पुण्याला, मुलाखतीला हैदराबादला. अमरावती रोडवरून रात्री सुटणाऱ्या स्लीपर गाड्यांत बसून जाणाऱ्या मुली वाडीला अनोळखी नाहीत. तेव्हा आई डबा भरून देते, वडील गाडीपर्यंत सोडायला येतात, आणि सोबत कोण असं कोणी विचारत नाही. कारण हातात हॉल तिकीट असतं. काम असलं की एकटीचा प्रवास मान्य होतो. काम नसताना, नुसतं पाहावं, बसावं, फिरावं म्हणून एकटीनं निघणं अजून घराला पटत नाही. म्हणून पहिल्या एकट्या सुटीचं ठिकाण निवडताना ते किती सुंदर आहे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो. काम नसलेल्या एकट्या माणसाला जिथे कुणी ‘इथे कशाला आलात’ असं विचारत नाही, असं ठिकाण कोणतं, हे आधी पाहावं लागतं.

मोबाईलवर दिसणारी उत्तरं लांबची असतात. मनाली, ऋषिकेश, गोकर्ण, वर्कला. ती गावं चांगलीच आहेत, आणि एकट्या प्रवाशांची त्यांना सवयही आहे. पण वाडीहून तिथे पोचेपर्यंतच सुटीचा मोठा तुकडा खर्च होतो, आणि पहिल्याच वेळी काही बिनसलं तर परत फिरायला दोन रात्री लागतात. पहिल्या प्रवासाला परतीची वाट जवळ हवी. ती जवळ असली की माणूस धीटपणे राहतो आणि बहुधा परत फिरावंच लागत नाही.

प्रवासाचा बेत कसा आखावा, हे शिकायला नागपूरच्या माणसाला लांब जायला नको. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामटेक आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. तिथे शापानं एकटा पडलेला यक्ष आषाढातल्या मेघाला उत्तरेकडची वाट सांगतो. ही वाट सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तो मेघाला नुसतं अलकानगरीचं वर्णन ऐकवत नाही. थकलास की कुठल्या डोंगरावर टेकायचं आणि पाणी सरलं की कुठल्या नदीचं प्यायचं, हे आधी सांगतो. आणि मग, वाट वाकडी होत असली तरी उज्जयिनी चुकवू नकोस, असा आग्रह धरतो. विसावा कुठे, पाणी कुठे, आणि आपल्या आवडीसाठी वाट कुठे वाकडी करायची: एकट्या प्रवाशाला याहून चांगला सल्ला आजच्या कुठल्याही ॲपमध्ये नाही. रामटेकची सकाळ-संध्याकाळची एक फेरी एकटीनं करून पाहावी. गडमंदिर चढावं, कालिदास स्मारकात बसावं, खिंडसीच्या तलावाकडे जावं आणि दिवेलागणीला घरी यावं. ही चांगली तालीम आहे.

मुक्कामाच्या ठिकाणांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

ताडोबा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण सफारीच्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि पैसे गाडीचे मोजावे लागतात, त्यामुळे एकट्या माणसावर सगळा भार येतो, नाहीतर गेटवर अनोळखी मंडळींत जागा शोधत उभं राहावं लागतं. चिखलदरा वाडीच्या रस्त्यावरच आहे म्हणायचं: अमरावती, परतवाडा आणि मग घाट. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासची उंची, विदर्भात दुर्मीळ असलेले कॉफीचे मळे, भीमकुंड, आणि १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं घेतलेला गाविलगड. पावसाळ्यात तिथलं धुकं पाहून माणूस बोलायचं थांबतं. पण तिथले पॉइंट एकमेकांपासून लांब आहेत, हाताशी गाडी लागते, आणि शनिवार-रविवारची गर्दी बहुतेक टोळक्यांची आणि जोडप्यांची असते. चिखलदरा दुसऱ्या फेरीसाठी ठेवावं.

पचमढीचं विदर्भाशी नातं जुनं आहे. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून लोकांचे जत्थे सातपुड्यात चढतात, महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ नेतात. विदर्भातल्या कितीतरी बायांनी जिल्ह्याबाहेरचा पहिला डोंगर या यात्रेत पाहिला, पावसात भिजत, देवाचं नाव घेत, गावातल्या दहाजणींचा हात धरून. त्या प्रवासाला घराची परवानगी सहज मिळाली, कारण देव सोबत होता आणि गावही. त्यांची नात आज एकटी निघते तेव्हा तिच्या पायांत आजीचं चालणं असतंच. फक्त तिला धूपगडावरचा सूर्यास्त कुणाशी न बोलता पाहायचा असतो. १३५० मीटर उंचीचं हे सातपुड्याचं सर्वोच्च शिखर त्यासाठी योग्यच आहे. पण पिपरिया स्टेशनवर उतरून पुढे घाटानं चढायचं, जंगलातल्या ठिकाणांसाठी पुन्हा जिप्सी ठरवायची, हा खटाटोप पहिल्या वेळेला जडच जातो.

मग उरतं ते वाडीहून सगळ्यांत जवळचं आणि म्हणूनच कुणाला न सुचणारं नाव: सेवाग्राम.

शाळेच्या सहलीत पाहिलेलं ठिकाण म्हणून लोक ते यादीतून गाळतात. पण शाळेच्या सहलीत सेवाग्राम दिसतच नाही. रांग दिसते आणि मास्तरांची शिट्टी ऐकू येते. एकट्यानं गेलेल्या माणसाला ते उलगडतं, कारण गांधीजींच्या तिथल्या आश्रमाची घडणच अशी आहे की एकटं बसलेलं माणूस तिथे कुणाला खटकत नाही. झाडाखाली तासभर कुणी काही न करता बसलं, तरी त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही.

गांधीजी १९३६च्या एप्रिलअखेर इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव पडलं. पण गांधीजींच्याही आधी या गावात येऊन राहिली ती एक बाई. ॲडमिरल स्लेड यांची मुलगी मॅडलिन, पुढे मीराबेन. आज ज्या मातीच्या घरासमोर सगळे हात जोडतात, ती बापू कुटी मुळात तिनं स्वतःसाठी बांधलेली होती. भिंतींवर मातीनं उठवलेली ताडाची झाडं, चरखा आणि ॐ तिच्याच हातचे. ती दुसरीकडे राहायला गेल्यावर कुटीत भर घालून ती गांधीजींसाठी वापरली गेली. लाखो लोक पाहून जातात ते घर एकट्या निघालेल्या बाईनं उभारलं, हे तिथल्या ओसरीवर बसून आठवलं की जागेचा अर्थ बदलतो.

आणि तिचं निघणंही समजून घेण्यासारखं आहे. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांचं गांधीजींवरचं पुस्तक १९२४ मध्ये निघालं. ते वाचून मॅडलिननं हिंदुस्थानचं बोटीचं तिकीट काढलं. मग तिला जाणवलं की आपली तयारी झालेली नाही. तिनं जायचा बेत सोडला नाही, तिकीट मात्र वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षात तिनं मांस आणि मद्य सोडलं, सूत कातायला आणि उर्दू शिकायला सुरुवात केली, जमिनीवर बसायची आणि झोपायची सवय लावून घेतली. ६ नोव्हेंबर १९२५ ला ती मुंबईत उतरली आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादला पोचली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. तिचा प्रवास सुटीचा नव्हता, जन्माचा होता. तरीही ठिकाण आधी ठरवणं आणि मग आपल्याला त्या ठिकाणाजोगं करत जाणं, ही तिची रीत चार दिवसांच्या सहलीलाही लागू पडते. सेवाग्रामला जायचं तर पहाटे उठता येतं का, साधं जेवण रुचतं का, मोबाईल बाजूला ठेवून संध्याकाळ काढता येते का, हे घरीच आठवडाभर पाहून घेता येतं.

आश्रमात पाहायला मोजक्याच गोष्टी आहेत आणि त्या सावकाश पाहाव्यात. सगळे आधी एकत्र राहिले ते आदि निवास. त्याच्या शेजारची बा कुटी, लहानशी. साप पकडून लांब सोडून देण्यासाठीचा चिमटा आणि पिंजरा. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री राहिले ती कुटी. गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ. संध्याकाळी प्रार्थना उघड्यावर होते. तिथे ओळख विचारली जात नाही, कुणीही येऊन बसावं.

पवनार हा इथला वाकडा फेरा. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. याच पवनारला मिराशींनी वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर मानलं. आश्रमाच्या जमिनीत सापडलेली रामायणातल्या प्रसंगांची शिल्पं आजही तिथे आहेत. विनोबांनी १९५९ मध्ये इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथला कारभार बायकाच चालवतात आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतात. याच परिवारातल्या चौघी भगिनींनी बारा वर्षं देशभर पायी लोकयात्रा केली. एकटीनं प्रवास करणं सुरक्षित आहे का, या घरातल्या वादाला त्या चौघींच्या बारा वर्षांच्या चालण्यात उत्तर आहे, आणि ते वाडीहून दोन तासांच्या अंतरावर आहे. नदीच्या पायऱ्यांवर बसून त्या वर्षांचा विचार करावा.

मराठीत एकटीच्या प्रवासाला सन्मान मिळवून दिला तो मीना प्रभूंनी. पेशानं डॉक्टर, घर लंडनला, आणि ‘दक्षिणरंग’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ अशी एकामागून एक पुस्तकं. २०२५च्या मार्चमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांची पुस्तकं वाचून मराठी घरांतल्या अनेक बायकांच्या मनात पहिल्यांदा हा विचार आला की आपणही एकटं जाऊ शकतो. आधीच्या पिढीत गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा पायी केली होती. ते मूळचे परतवाड्यात जन्मलेले, चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याचे. त्यांच्या भटकंतीला लोकांनी वैराग्य म्हटलं. बाईची भटकंती नुसती हौस म्हणूनही चालली पाहिजे. वैराग्याचं कारण तिला द्यायला लागू नये.

आता सोयीही वाढल्या आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट लागतं. त्याच वर्षी राज्यानं ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. आणि एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही जुनी योजना आहेच: चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि एसटी जाईल तिथे जायचं. इतकं मोकळं नाव दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेला असेल असं वाटत नाही. सेवाग्रामनंतरच्या सुटीसाठी तो पास राखून ठेवावा. त्यात चिखलदरा, लोणार आणि हवं तर थेट कोकणही बसतं.

हंगाम हिवाळ्याचा धरावा. मे महिन्यात वर्धा आणि नागपूर दोन्ही पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातात आणि तेव्हा एकट्यानं काय, कुणीच फिरू नये. आश्रमासमोर यात्री निवास आहे. निघण्याआधी जागा विचारून खोली ठरवून घ्यावी. घरच्यांना गाडीची वेळ, राहण्याचा पत्ता आणि रोज संध्याकाळी एक फोन एवढं द्यावं. त्यांनीही तेवढ्यावर भागवावं, दर तासाला विचारू नये. नागपूरहून मुंबईकडे आणि चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरूनच जातात, गणेशपेठहून वर्ध्याला दिवसभर एसटी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सकाळची गाडी धरावी. ऊन चढायच्या आत आश्रमात पोचता येतं आणि संध्याकाळची प्रार्थना चुकत नाही.