गाडीचा ऐब

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. मनोरला नणंदेकडे दावत होती. परतताना पालघरला थोडे काम होते, म्हणून चिल्हार फाट्यावरून बेटेगावला न येता आम्ही वाघोबा खिंडीचा रस्ता धरला. गाडी मी चालवत होते. शेजारी मिस्टर, मागे अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन्ही मुले.

उतार लागताच मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. त्याने पेट्रोल वाचते, असे कुणीतरी कधी सांगितले होते. पुढे भरलेला टेम्पो रांगत होता. त्याच्यामागे मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिले. एका वळणावर पाय दाबला तर पेडल कापसासारखे मऊ लागले आणि खालीच गेले.

"गिअर टाक, गिअर!" मिस्टर ओरडले. मी पेडल भराभर पंप केले, तिसरा आणि मग दुसरा गिअर टाकला. मिस्टरांनी हॅन्डब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढला. टेम्पोपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागे अम्मींचा कलमा ऐकू येत होता. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला खरचटलेही नाही.

अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा ठीक लागू लागला. 'गरम झाला असेल,' असे म्हणून आम्ही विसरलोही असतो. पण अम्मी म्हणाल्या, "मिस्त्रीला दाखवल्याशिवाय मुलांना या गाडीत बसवायचे नाही."

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले. आतले ऑइल चहासारखे काळपट झाले होते. ते म्हणाले, "मॅडम, हे ऑइल हवेतली ओल पिते. आपल्याकडे तर समुद्राची हवा." डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकाजवळचे ऑइल तापून उकळते आणि त्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते आणि चाक थांबत नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि दोष लपून बसतो. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तेव्हा इंजिनला इंधन जातच नाही. म्हणजे न्यूट्रलची माझी बचतही खोटीच होती.

खरे तर गाडी दोन महिने सांगत होती. ब्रेक दाबला की चूंचूं आवाज येई. मुले गाणी मोठी करत. पॅड झिजले की लहानशी पत्री डिस्कला घासून असा आवाज करते. त्यानंतर खरखर सुरू झाली तर लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या जोडीतल्या एका चाकाचा ब्रेक अडकलेला असू शकतो. पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले असते. यातले काहीही दिसले तर गाडी बाहेर काढू नये.

मिस्त्रींनी मग इंजिनच्या बाजूचे कव्हर काढले. टायमिंग बेल्टला भेगा पडल्या होत्या आणि त्यावर ऑइल गळत होते. हा दातेरी पट्टा खालच्या क्रँकचे आणि वरच्या कॅमचे फेरे जुळवून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. पट्टा एक-दोन दात सरकला तर गाडी कष्टाने सुरू होते, उभी असताना थरथरते, चढावर ओढत नाही. तुटला तर इंजिन जागीच बंद पडते आणि अनेक गाड्यांत पिस्टन व्हॉल्व्हला आपटून ते वाकतात. तेव्हा पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नये. पट्टा तुटण्याआधी बहुधा आवाजही करत नाही. म्हणून पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे भरली की तो बदलायचा. आम्हाला गाडी विकणाऱ्याने "सगळे काम केलेले आहे" असे सांगितले होते.

खर्चाचा आकडा ऐकून घरी शांतता पसरली. रात्री मिस्टर म्हणाले, "ब्रेक करून घेऊ आणि गाडी विकून टाकू. बेल्ट बाहेरून दिसत नाही. आपल्याला तरी कुणी सांगितले होते?" खरे सांगते, मलाही ते पटले. फीचे दिवस जवळ आले होते.

रविवारी गाडी पाहायला एक तरुण आला. कारखान्यात नोकरी, घरी बाळ येणार, म्हणून गाडी हवी होती. मी चहा ठेवायला आत गेले, पण मन लागेना. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल शोधणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस मी वर्गात कितीदा सांगितली आहे! वर कोरडे, आत ओले. आमची गाडी नेमकी तशीच होती. मी बाहेर आले तर मिस्टरच त्याला सांगत होते, "भाऊ, बेल्ट बदलावा लागेल. तो तुटला तर चालत्या गाडीत इंजिन बंद पडेल."

त्याने शुक्रिया म्हटले, "विचार करून सांगतो" म्हणाला आणि पुन्हा आला नाही.

आम्ही बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि ब्रेक ऑइल बदलून घेतले. पैसे दोन हप्त्यांत दिले. गाडी अजून आमच्याकडेच आहे. त्या रात्री मिस्टरांना विचारले, "कसे काय सांगितलेत?" ते म्हणाले, "वाघोबाच्या उतारावर त्याचे बाळ मागच्या सीटवर दिसले."

पावसाळा येतो आहे. तुमच्या गाडीची ऑइलची डबी एकदा उघडून पाहा. आणि गाडी विकणार असाल तर आत काय आहे तेही घेणाऱ्याला दाखवा.