दोन सनदा

न्यू मेक्सिको राज्याच्या पूर्वेकडील सपाट, वृक्षहीन आणि वाऱ्याने अहोरात्र झोडपलेल्या मुलखात, जेथून मोठे इस्पितळ गाठावयाचे तर मोटारीने दोन तास लागत, अशा एका लहानशा दवाखान्यात माझ्या वैद्यकी आयुष्याचा उत्तरार्ध गेला. आणि तेथे माझ्या हाताखाली दोन माणसे काम करीत होती असे मी लिहिणार होतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते त्यांच्यापैकी एकाच्याच बाबतीत खरे ठरेल. तो एक म्हणजे सैन्यात जखमींची मलमपट्टी करून पुढे फिजिशियन असिस्टंट झालेला, उंच, अबोल गृहस्थ. आणि दुसरी, अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून उमेदीची वर्षे काढून मग नर्स प्रॅक्टिशनरची पदवी घेतलेली, स्पष्टवक्ती स्त्री. मनातल्या मनात मी त्यांना हवालदार आणि मेट्रनबाई म्हणत असे. सुटीत मिरजेला गेलो असता या दोघांचे वर्णन ऐकून माझे थोरले बंधू म्हणाले, ‘म्हणजे तुझे कंपाउंडरच की!’ आमच्या लहानपणीच्या कंपाउंडरांनी निम्मा तालुका सांभाळला होता हे खरे असले, तरी ही तुलना त्या दोघांच्या कानी जाऊ न देण्याची खबरदारी मी घेतली.

दोघेही तोच घसा तपासीत, तेच औषध लिहून देत, त्याच खोल्यांतून फिरत. परंतु हवालदाराची सनद वैद्यक मंडळाची आणि बाईंची परिचर्या मंडळाची. बाईंना त्या राज्यात कोणाही डॉक्टरच्या देखरेखीवाचून स्वतंत्रपणे रुग्ण पाहण्याचा अखत्यार होता, तर हवालदाराच्या नावापुढे देखरेख करणारा डॉक्टर म्हणून माझे नाव सरकारदप्तरी रुजू असणे त्या काळी अनिवार्य होते; त्यामुळे त्याच्या फायली माझ्या मखलाशीसाठी येत आणि बाईंच्या येत नसत. हा सल त्याने कधी बोलून दाखविला नाही. फायलींची चळत तो माझ्या मेजावर जरा जोराने ठेवी, एवढेच.

बोलणे व्हायचे ते जेवणाच्या वेळी. आपल्या अभ्यासक्रमात सुमारे 2000 तास प्रत्यक्ष रुग्णांत काढावे लागतात आणि नर्स प्रॅक्टिशनरला अवघे 500 पुरतात, हा त्या काळच्या नियमांवर बेतलेला त्याचा ठेवणीतला बाण. आणि ते 500 मोजण्यापूर्वी रात्ररात्र रोग्यांच्या उशाशी काढलेली वर्षे कोणत्या खात्यात धरणार, हा बाईंचा ठरलेला प्रतिप्रश्न. मला दोघांचेही म्हणणे पटे आणि दोघांचाही सूर पटत नसे. गंमत अशी की, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या दरपत्रकात या दोन्ही व्यवसायांना डॉक्टरच्या दराच्या 85 टक्केच मोबदला लिहिलेला आहे; तो विषय निघाला की दोघांचा रोख तत्काळ माझ्याकडे वळे.

या भाऊबंदकीचे मूळ मी पुढे सवडीने वाचून काढले, आणि ते भाऊबंदकीचेच निघाले. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड या वैद्यकाचार्यांनी थेल्मा इंगल्स या परिचारिका-अध्यापिकेच्या साहाय्याने, अनुभवी परिचारिकांना अधिक वैद्यकीय शिक्षण देण्याची योजना 1950 च्या दशकाच्या अखेरीस आखली होती. परंतु परिचर्याशिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तिला मान्यता नाकारली. तेव्हा स्टेड यांनी आपला मोहरा नौदलातून निवृत्त झालेल्या वैद्यकीय सैनिकांकडे वळविला आणि 1965 मध्ये अशा चौघांना घेऊन फिजिशियन असिस्टंटांचा पहिला वर्ग उघडला. त्याच वर्षी कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्स प्रॅक्टिशनरांचे शिक्षण सुरू केले. म्हणजे परिचारिकांच्या मंडळींनी तो पहिला अर्ज मंजूर केला असता, तर कदाचित आमच्या हवालदाराचा व्यवसाय जन्मालाच आला नसता! हे मी एकदा जेवताना सांगितले, तेव्हा तो मनापासून हसला. बाई मात्र गप्प झाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की त्या नकाराबद्दल आपण त्या संस्थेला कधीही क्षमा करणार नाही.

ऐन जानेवारीतील एका दुपारी, गुरे पाळणाऱ्या कुटुंबातील साठीची एक स्त्री पित्ताचे औषध मागण्यासाठी आली. हवालदार तिचे पोट तपासीत असता, अर्धवट उघड्या दारावरून जाणाऱ्या मेट्रनबाईंची पावले थबकली. त्या आत गेल्या नाहीत. दारावर टकटक करून एवढेच म्हणाल्या, ‘तिचा हात हातात घेऊन पाहा.’ भर थंडीत त्या स्त्रीच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्याच्या खोलीत असे डोकावणे हवालदाराला रुचले नसल्याचे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख उमटले, तरी त्याने हात हातात घेतला. तो थंड आणि ओला होता. पुढच्या काही मिनिटांत हृदयालेखाची पट्टी बाहेर आली, आणि हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटत असल्याची खूण तीवर स्पष्ट होती. ॲस्पिरिन चघळायला दिले गेले. बाईंनी शिरस्त्याप्रमाणे जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी काढली, तोच त्यांच्या मनगटावर अलगद हात ठेवून हवालदार म्हणाला, ‘जरा थांबा,’ आणि त्याने आलेखाची एक तार छातीच्या उजव्या बाजूस लावून पुन्हा पट्टी काढली. हृदयाचा उजवा कप्पाही ग्रस्त होता. अशा वेळी ती गोळी दिल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. बाईंनी गोळी परत बाटलीत टाकली आणि न बोलता शिरेतून सलाईन सुरू केले. मी दुसऱ्या रुग्णाकडून मोकळा होऊन तेथे पोहोचलो, तेव्हा हेलिकॉप्टरसाठी फोन करण्यापलीकडे माझ्याकरिता काम उरले नव्हते.

सायंकाळी फाइल माझ्यापुढे आली. तिच्या पहिल्याच ओळीत, वैद्यकीय नोंदीत सहसा न आढळणारे वाक्य होते: रुग्णास घाम सुटल्याचे प्रथम नर्स प्रॅक्टिशनर यांच्या निदर्शनास आले. जी घटना मी जवळजवळ पाहिलीच नव्हती, तिच्या दस्तऐवजावर मी कायद्याबरहुकूम सही केली, आणि त्या सहीइतकी निरर्थक सही आयुष्यात क्वचितच केली असेल. ती स्त्री वाचली, आणि पुढे अनेक वर्षे त्या दोघांपैकी जो रिकामा असेल त्याच्याकडे तपासणीस येत राहिली.

त्यानंतर त्यांची भांडणे थांबली असे कोणी समजू नये. फरक पडला तो इतकाच की, हवालदाराची सनद टिकविण्याची परीक्षा जवळ आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर बाई त्याचे पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारू लागल्या, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराबरोबर 2000 तासांचा हिशेब मागू लागल्या.

पुढे दवाखान्याच्या व्यवस्थापनाने नवीन जागा भरण्याविषयी एक पत्र पाठविले, ज्यात ‘मिडलेव्हल’ असा या दोन्ही व्यवसायांना सारखाच झोंबणारा शब्द वापरला होता. दोघांनी मिळून त्याला उत्तर लिहिले, तो शब्द पुन्हा न वापरण्याविषयी नम्र परंतु निक्षून सांगितले, आणि नव्या जागेवर कोणाला घ्यावे याबद्दल त्याच पत्रात दोन स्वतंत्र परिच्छेदांत दोन परस्परविरुद्ध शिफारशी केल्या. माझे मत कोणी विचारले नव्हते.