दहा चाकांचं गणित

गाडीला दहाच्या दहा टायर नवे घातले आणि अ‍ॅव्हरेज पडलं. जी गाडी मीटरवर 4.2 देत होती, ती 3.9 वर आली. कळंबोलीला मामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी नुकतीच हिशेब बघायला बसू लागले होते. डिझेलच्या पावत्या आणि मीटरचं रीडिंग वहीत उतरवायचं, किलोमीटरला लिटरने भागायचं, एवढंच काम. बीकॉमला याहून अवघड गणितं सोडवली होती. पण दोन लाखांच्या वर रक्कम टायरांत घालून गाडी जास्त डिझेल पिते, हे कुठल्याच ताळेबंदात बसेना.

मामाला विचारलं तर तो फोनवरून मान वर न करता म्हणाला, "नवे आहेत अजून. घासले की देईल."

मला वाटलं, चेष्टा करतोय. घासलेला टायर जास्त अ‍ॅव्हरेज देतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण ड्रायव्हरकाकांनीही तेच सांगितलं, टायरवाल्या उस्तादांनीही तेच. तिघांपैकी कारण मात्र कुणीच धड सांगेना. "असतं तसं," एवढंच.

कारण शेवटी मीच शोधलं. टायर रस्त्यावर फिरतो तेव्हा खालचा भाग वजनाने दबतो आणि पुढे गेला की पुन्हा फुगतो. दबताना रबर जेवढी ताकद घेतं तेवढी सुटताना परत देत नाही; उरलेली उष्णता होऊन जाते. गाडी लांबून आली की टायर हाताला गरम लागतो, ते आपलंच डिझेल. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. नव्या टायरची नक्षी जाड, तिचे ठोकळे उंच, त्यामुळे ते जास्त हलतात, जास्त तापतात. घासलेल्या टायरवर हलायला रबरच कमी उरतं. म्हणजे मामा खरंच बोलत होता.

पण त्याच्या खरेपणातही एक फसवणूक होती. मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. 10.00-20 च्या टायरचा व्यास एक मीटरहून थोडा जास्त. नव्या टायरची नक्षी 16 मिलिमीटर खोल धरली आणि घासून ती 4 वर आली, तर व्यास 24 मिलिमीटरने घटतो, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. लहान झालेलं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेऱ्या मारतं. म्हणून नव्या टायरवर मीटर 100 दाखवत असेल, तर तोच रस्ता जुन्या टायरवर 102 भरतो. जुनं 4.2 खरं तर 4.1 च होतं. तेव्हापासून मी वहीत मीटरशेजारी जीपीएसच्या किलोमीटरचाही रकाना आखला. तो बघून मामा म्हणाला, "आता अ‍ॅव्हरेज अजून कमी दिसणार!"

टायर घासू देऊन डिझेल वाचवावं, असा याचा अर्थ नाही. कायद्याने ट्रकच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, आणि पावसाळ्यात बोरघाट उतरायचा असेल तर त्याच्या कितीतरी आधीच टायर उतरवलेला बरा.

पुढचा गोंधळ टायर निवडण्याचा. दुकानात उभं राहिलं की नायलॉन की रेडियल, ट्यूबचा की ट्यूबलेस, रिब की लग, नवा की जुन्यावर नवी नक्षी चढवलेला रिट्रेड, अशी सरबत्ती सुरू होते. त्यातलं मला कळलं ते असं. नायलॉनच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, त्यामुळे बाजूची भिंत दबली की नक्षीसुद्धा ओढली जाते. मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. भिंत लवचीक राहते, नक्षी रस्त्याला सपाट टेकते, टायर कमी तापतो. डिझेल वाचतं ते इथे. पण रेडियलची भिंत पातळ असते. खडी आणि सळ्या पडलेल्या साइटवर ती कापली जाते, म्हणून असल्या कामाला अजून नायलॉन मागणारे आहेत. लगची खोल, आडवी नक्षी चिखलात पकड देते. ठाणे-बेलापूर रोडच्या काँक्रीटवर मात्र ती नुसतीच तापते आणि गुणगुणते. रिबच्या उभ्या खाचा तिथे हलक्या चालतात.

केंद्र सरकारने जून 2022 मध्ये टायरांसाठी तीन कसोट्या ठरवल्या: रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. ट्रक-बसचे टायर त्यात सी-3 गटात येतात. संयुक्त राष्ट्रांच्या 117 क्रमांकाच्या नियमात या गटाच्या रोलिंग रेझिस्टन्सला पहिल्या टप्प्यात टनामागे 8 किलो आणि दुसऱ्यात 6.5 किलो अशी मर्यादा आहे. कोरडे वाटणारे हे आकडे मी आमच्या दहाचाकीला लावून पाहिले. 28 टन भरलेली गाडी नुसती सपाट रस्त्यावर चालत ठेवायला पहिल्या टप्प्याच्या टायरवर 224 किलोचा जोर लागतो, दुसऱ्या टप्प्याच्या टायरवर 182 चा. 42 किलोचा हा फरक इंजिन प्रत्येक मीटरला ओढत असतं. हायवेवरचा ठोकताळा असा, की रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के उतरला तर डिझेल साधारण तीन टक्के वाचतं.

मग मी आमच्या गाड्यांचा हिशेब मांडला. समजा, डिझेल वाचवणारा टायर नगाला 2,000 रुपये महाग पडला, म्हणजे दहाला 20,000. चाकणला जाणारी गाडी महिन्याला 5,000 किलोमीटर करते, चारच्या अ‍ॅव्हरेजने 1,250 लिटर पिते. तीन टक्के म्हणजे साडेसदतीस लिटर, नव्वदच्या भावाने तीन हजारांच्या वर. सहा महिन्यांत पैसे वसूल. दुसरी गाडी कळंबोली, तळोजा, न्हावा शेवा एवढ्यातच फिरते, महिन्याला जेमतेम 2,000 किलोमीटर. तिचे पैसे सुटायला सव्वा वर्ष लागेल, तेही तीन टक्के वाचले तर. ते वाचणारच नाहीत, कारण ती गाडी निम्मा वेळ बंदराच्या रांगेत नाहीतर उरण फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये असते. उभ्या गाडीचं इंजिन डिझेल जाळत राहतं, टायर फिरतच नाही. फिरला तर पुढच्या ब्रेकपर्यंत.

या गाडीसाठी उपाय निघाला तो हवेत. ड्रायव्हरकाका सकाळी हातोडा घेऊन एकेक टायर ठोकतात आणि आवाजावरून हवा सांगतात. एकदा मी मागोमाग गेज लावत गेले. मागच्या जोडीतल्या बाहेरच्या टायरवर हातोडा टणटणीत वाजला, गेजवर 110 पाउंड. आतल्यावरही तसाच वाजला, गेजवर 80. आतल्या टायरचा वॉल्व्ह सापडायलाच मला अंग चोरून चाकात डोकं घालावं लागलं. रोज कोण घालणार? पण जोडीतला एक मऊ असला की दुसरा त्याचंही वजन उचलतो आणि दोघे एकमेकांना घासत, ओढत चालतात. सगळ्या टायरांत दहा पाउंड हवा कमी असली तर डिझेल साधारण एक टक्का जास्त जातं. तेही फुकटातली हवा न भरल्यामुळे.

दुपारी टायर तापले म्हणून हवा सोडायची सवयही बंद करायला लावली. गरम टायरमध्ये हवा वाढलेलीच दिसते. सोडली तर थंड झाल्यावर टायर मऊ आणि उद्या आणखी गरम.

उस्तादांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. पुढच्या टायरवर माझा तळवा ठेवून म्हणाले, "ताई, आत सरकवा. आता बाहेर." आत जाताना नक्षी गुळगुळीत लागली, बाहेर येताना करवतीच्या दात्यांसारखी बोचली. अलाइनमेंट बिघडलं होतं, चाक दर किलोमीटरला थोडं तिरकं फरफटत होतं. नवा टायर घातला असता तर तोही तसाच घासला असता.

या खेपेला चाकणच्या गाडीला चांगले रेडियल घेतले. बंदराच्या गाडीला पुढे नवे रिब, मागे रिट्रेड, आणि किन्नरच्या हातात गेज. मला कुणी कोणता टायर घ्यावा असं विचारलं, तर मी आधी गाडी कुठे धावते आणि आतल्या टायरची हवा शेवटची कधी बघितली, हे विचारते. दुसऱ्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही.