चुकीच्या अलीकडे

दुसऱ्यांच्या वाक्यांतील चुका दाखवणे हा आमच्या उपजीविकेचा भाग आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांतले ऱ्हस्व-दीर्घाचे घोटाळे आणि कर्त्याशी फटकून वागणारी क्रियापदे आम्ही वर्षानुवर्षे तांबड्या शाईने अधोरेखित करीत आलो. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात एका यंत्राने आम्हांलाच लागोपाठ तीन दिवस ‘तुमच्या वाक्यरचनेत दोष आहे’ असे ऐकवले, तेव्हा प्रथम गंमत वाटली, मग राग आला आणि शेवटी थोडी लाज वाटली. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत या दोषाला १०६४ हा क्रमांक आहे. क्रमांकामागून आपापल्या आवृत्तीची नियमपुस्तिका पाहण्याचा सल्ला येतो आणि ‘अमुक मजकुराजवळ’ असे म्हणून आपल्याच लिखाणाचा एक तुकडा अवतरणचिन्हांत आपल्यापुढे ठेवला जातो.

या उद्योगात आम्ही का पडलो, ते सांगितले पाहिजे. आमच्या सरांनी निवृत्तीपूर्वी आणि नंतर मिळून वीसेक वर्षे मराठी नियतकालिकांतील समीक्षालेखांची सूची केली. शंकर गणेश दाते यांच्या सूचीमुळे १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांचा माग तरी लागतो. मासिकांत एकदाच छापून आलेला आणि पुस्तकात कधीच न गेलेला लेख मात्र अंकाबरोबरच दृष्टीआड होतो, ही सरांची खंत होती. प्रत्येक लेखाला एक कार्ड. शीर्षक छापले असेल तसे उतरवायचे, मुद्रणदोषासकट. आपली दुरुस्ती शेऱ्यात. २००४ साली त्यांच्या एका विद्यार्थ्याने ही कार्डे संगणकावर चढवली. त्या काळी पुष्कळ मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टांच्या संकेतांत टंकित होई. याने हट्टाने युनिकोड वापरला. सर गेले. कार्डांचे खोके वाळवीने संपवले. उरली ती एक सीडी आणि सरांची वही. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात एकूण कार्डांची संख्या होती : ४,३१६.

सीडीवर डेटाबेस नव्हता. तो पुन्हा उभा कसा करायचा, याच्या आज्ञांची एक लांबलचक फाइल होती. तक्ता तयार कर, त्यात ही नोंद घाल, मग ही, मग ही. ती आम्ही आजच्या आवृत्तीला वाचायला दिली आणि पहिल्याच तक्त्यापाशी १०६४ आला. उद्धृत तुकडा ‘टाइप=मायआयसॅम’ या शब्दांनी सुरू होत होता. तक्ता कोणत्या पद्धतीने साठवायचा हे सांगण्यासाठी जुन्या मायएसक्यूएलमध्ये ‘टाइप’ हा शब्द वापरीत. पुढे त्याच अर्थाने ‘एंजिन’ आला, काही काळ दोन्ही चालले आणि ५.५ या मालिकेत ‘टाइप’ भाषेतून बाद झाला. म्हणजे विद्यार्थ्याची चूक नव्हतीच. त्याने आपल्या काळाच्या व्याकरणानुसार शुद्ध लिहिले होते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांतील अनुस्वारांना आपण अशुद्ध म्हणत नाही. यंत्राला मात्र इतिहास नसतो, त्याला फक्त चालू आवृत्ती असते.

फाइलभर ‘टाइप’ शोधून ‘एंजिन’ घालावे, असा मोह झाला. सुदैवाने हात थांबला. मुद्रणकलेवरील लेखांच्या नोंदींत तोच रोमन शब्द शीर्षकांतही होता. सरसकट बदल केला असता, तर यंत्राने तक्रार न करता ती शीर्षके बिघडवून साठवली असती. म्हणून बरोबरीच्या चिन्हासह तो पूर्ण तुकडाच शोधला आणि तेवढाच बदलला.

यानंतर सर्व आज्ञा बिनतक्रार पार पडल्या. आम्ही चहा घेऊन आलो, तक्ता उघडला आणि हादरलो. एकही मराठी अक्षर शिल्लक नव्हते. जिथे दीर्घ ईकार असायला हवा तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून जपानी येनचे चिन्ह आणि त्यालाही लागून युरोचे. सरांची सूची एखाद्या सराफाच्या फलकासारखी दिसत होती. कारण आमचे अर्धवट ज्ञान. जुना मायएसक्यूएल लॅटिन-१ हा अक्षरसंच गृहीत धरी, असे कोठेतरी वाचलेले होते. म्हणून फाइल त्याच संचातली आहे, असे आम्ही आयातीच्या वेळी सांगून टाकले. मजकूर प्रत्यक्षात यूटीएफ-८ मध्ये होता. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर. यंत्राने आमच्या शब्दावर विश्वास ठेवून एकेका चिन्हाची तीन-तीन परकी अक्षरे केली. वाक्यरचना निर्दोष होती, म्हणून ते गप्प राहिले.

त्या संध्याकाळी १०६४ विषयीचा आमचा राग ओसरला. अडवणारी चूक परवडते. तिच्यापाशी थांबावे तरी लागते. विद्यार्थ्याच्या निबंधातला चुकलेला वेलांटी-उकार आम्हांला लगेच दिसतो. शुद्ध मराठीत लिहिलेले, पण न वाचलेल्या पुस्तकाविषयीचे मत मात्र कित्येकदा गुण घेऊन निसटते. मूळ फाइल शाबूत होती. तक्ते पुसले, यूटीएफ-८ असे खरे सांगितले आणि पुन्हा आयात केली. अक्षरे परत आली.

आता मोजणी. तक्त्यात ४,२८४ नोंदी निघाल्या, वहीत ४,३१६. बत्तीस कमी. पुष्कळ शोधानंतर सीडीवरच एक छोटी फाइल सापडली. तिच्यात नोंदी घालण्याची एकच लांब आज्ञा होती आणि त्या आज्ञेत नेमक्या बत्तीस नोंदी. सरांच्या अखेरच्या महिन्यांतील कार्डे होती ती. आज्ञा आम्ही चालवून पाहिली आणि १०६४ पुन्हा हजर झाला. विद्यार्थ्यालाही तेव्हा तेच उत्तर मिळाले असावे आणि ‘नंतर पाहू’ म्हणून ते राहून गेले असावे. एक वाक्य अडले म्हणून सरांचे शेवटचे काम कोणत्याच सूचीत कधी आले नव्हते.

उद्धृत तुकडा एका सुट्या रोमन एस या अक्षरापासून सुरू होत होता. आम्ही त्या एसकडे बराच वेळ पाहत बसलो. त्यात काही चुकलेले दिसेना. मग लक्षात आले, की यंत्र दाखवते ती चुकीची जागा नव्हे. जिथे त्याची समजूत तुटली ती जागा. चूक बहुधा तिच्या अलीकडे असते. लेख इब्सेनच्या नाटकावर होता, अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’चे मूळ असलेल्या. मासिकाने मूळ नाव रोमन लिपीत छापलेले, ‘डॉल’ आणि ‘एस’ यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी. आज्ञेच्या भाषेत हेच चिन्ह मजकुराचे कुंपण असते. तेव्हा ‘डॉल’पाशी मजकूर संपला असे यंत्राने धरले आणि पुढचा एस त्याच्या दृष्टीने उघड्यावर पडला.

चिन्ह खोडले असते तर काम एका क्षणात झाले असते. एका अपॉस्ट्रॉफीने कोणाचे काय बिघडते? पण एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना त्यात आपली ओवी न घालण्याची ताकीद दिली, हे वर्गात दरवर्षी सांगणारे आम्ही. भर घालायची नाही, हा नियम असेल तर सोयीसाठी वजा करायचे नाही, हाही त्याचाच भाग झाला. उपाय व्याकरणातच होता : अपॉस्ट्रॉफी दोनदा लिहायची. आज्ञेत ती दोन दिसतात, साठवताना एकच राहते. शीर्षक जसेच्या तसे तक्त्यात गेले, आणि पाठोपाठ उरलेल्या एकतीस नोंदी. मोजणी ४,३१६.

विद्यार्थ्याच्या जुन्या क्वेरीही तपासल्या. अंकातील लेखाचा क्रम त्याने ‘रँक’ नावाच्या रकान्यात ठेवला होता. हा शब्द २००४ मध्ये कोणाच्याही मालकीचा नव्हता. २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपासून तो भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला आहे. आयातीच्या फाइलीत रकान्यांच्या नावांभोवती उलटी अवतरणचिन्हे होती, म्हणून तिथे तो निभावला. हाताने लिहिलेल्या क्वेरीत ती नव्हती. ती घातली आणि क्वेरी चालली.

शेवटी एक प्रश्न आमचा स्वतःचा होता. पृष्ठांक पडताळायचा राहिला असेल, तर सर तो कार्डावर लिहीत नसत. त्या जागी विद्यार्थ्याने ‘नल’ ठेवले होते. अशा नोंदी किती, हे आम्ही ‘पृष्ठांक बरोबर नल’ अशी अट घालून विचारले. उत्तर आले : शून्य. दोष नाही, तक्रार नाही. क्षणभर बरे वाटले, सरांनी सगळे पुरे केले म्हणून. पण नल म्हणजे ‘माहीत नाही’, आणि जे माहीत नाही ते कशाच्याही बरोबर आहे असे ही भाषा मान्य करीत नाही. अगदी दुसऱ्या नलच्याही नाही. विचारण्याची रीत वेगळी, ‘इज नल’. तसे विचारले, तेव्हा सतरा नोंदी आल्या. त्यांतल्या नऊ त्या शेवटच्या बत्तिसांतल्या.

सतराही जागा आम्ही मोकळ्या ठेवल्या आहेत. यादी कागदावर उतरवून घेतली आहे. सुटी लागली की ग्रंथालयात जाऊन अंक काढायचे आणि पृष्ठांक डोळ्यांनी पाहूनच घालायचे. सरांनी तेच केले असते.