तांदूळ धुणारा पोऱ्या

तोक्योतल्या गल्लीबोळात, आठ-दहा खुर्च्यांच्या सुशीच्या दुकानात दिवस सुरू व्हायचा तो पोऱ्याच्या हातांनी. ऐन हिवाळ्यात बर्फगार पाण्यात तांदूळ चोळून चोळून बोटं लालबुंद व्हायची. भात शिकायला तीन वर्षं आणि सुशी वळायला आठ, असा हिशेब त्या धंद्यात सांगत. नव्वदीच्या दशकात तिथे राहत होतो, तेव्हा हे पोरगे अजून दिसत. दुपारी सायकलवर लाखेच्या गोल थाळ्या घेऊन घरोघरी सुशी पोचवणारेही तेच. घरच्या बाईने धुऊन दाराशी ठेवलेली रिकामी थाळी संध्याकाळी परत न्यायची, हेही त्यांचंच काम.

आता पोऱ्या नाही. त्याच्या जागी नळाच्या दाबावर चालणारं, विजेचीही गरज नसलेलं तांदूळ धुण्याचं यंत्र खळखळत असतं.

भात कालवण्याचा सोहळा तर मी काचेबाहेरून थांबून पाहत असे. सावारा नावाच्या लाकडाची, तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेली काठवट. तिला हांगिरी म्हणतात. आधी ती पाण्याने भिजवायची, म्हणजे भात चिकटत नाही. मग वाफाळता भात उपडा करून वर व्हिनेगर, मीठ, साखर. लाकडी उलथन्याने कापल्यासारखा हात चालवायचा, शीत मोडता कामा नये, आणि दुसऱ्याने पंख्याने वारा घालायचा. आता फिरत्या पिंपाचं यंत्र हेच करतं. कालवलेला भात पूर्वी गवताच्या वेष्टणातल्या लाकडी डब्यात उबदार राही. आता उष्णता राखणारं भांडं तो अंगाच्या उबेइतका ठेवतं. खरं सांगायचं तर हे भांडं जास्त इमानी आहे. गवताच्या डब्यातला भात रात्री उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला गारढोण यायचा, आणि आम्ही तोही परंपरा म्हणून गिळायचो.

भाताचे गोळे पाडणाऱ्या यंत्राची जन्मकथा मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात जपानी सरकार शेतकऱ्यांना भातशेती कमी करायला लावत होतं. मिठाईची यंत्रं बनवणाऱ्या सुझुमो कंपनीच्या सुझुकी किसाकू यांना ते रुचेना. सुशी स्वस्त झाली तर लोक भात जास्त खातील, या विचारातून 1981 मध्ये त्यांचं यंत्र बाजारात आलं. सुशी फिरत्या पट्ट्यावर त्याआधीच, 1958 मध्ये ओसाकाजवळ चढली होती. तिथे हे यंत्र लगेच शोभलं. लहान दुकानात मात्र ते पडद्याआड असतं. दुपारच्या डब्यांचे गोळे ते पाडतं आणि संध्याकाळी समोर बसलेल्यांसाठी मालक स्वतः वळतो. हा पडदा मला थोडा लबाडीचा वाटतो. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

कारण ज्याला आपण जुनं म्हणतो, तेही एका अडचणीवरचं उत्तरच होतं. 1820च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, र्‍योगोकूच्या हानाया योहेईच्या नावाशी जोडलेली ही सुशी घाईच्या माणसांचं खाणं होती. बर्फ नव्हता म्हणून ट्यूना सोयासॉसमध्ये मुरवायचा, कोहादा नावाचा छोटा मासा मीठ-व्हिनेगरात ठेवायचा, अनागो ही समुद्री वाम शिजवायची. ट्यूनाचा तेलकट भाग लवकर नासतो म्हणून फेकून देत. आज तोच सर्वांत महाग. उणे 60 अंशांच्या शीतपेटीने ही उलथापालथ पक्की केली. तरीही जुने मालक ट्यूना मुरवतात, आता निव्वळ चवीसाठी.

आपल्याकडे पुरणयंत्र आलं आणि पाटा-वरवंटा सुटला. डाव पुरणात उभा राहतो का, हे मात्र अजून सुगरणच बघते. तसंच सुशीच्या दुकानातही. शरदात नवा तांदूळ आला की त्यात ओल जास्त असते. कुकरला ते कळत नाही. मालक जुना तांदूळ मिसळतो, पाणी कमी करतो, पहिलं शीत चावून बघतो.

हे तो कोणाला शिकवणार, हा प्रश्न यंत्राने सोडवलेला नाही. काही महिन्यांत सुशी शिकवणाऱ्या शाळा तोक्योत निघाल्या आहेत, पण तिथून शिकलेले कितीतरी जण परदेशाची वाट धरतात. गल्लीतल्या दुकानात पांढऱ्या केसांचा मालक आणि हिशेब सांभाळणारी त्याची बायको, दोघंच उरतात. यंत्राने पोऱ्याला हाकललं असं मी बरीच वर्षं समजत होतो. पोरं आधीच यायची थांबली होती. यंत्र नंतर, हप्त्यावर आलं. ते नसतं तर पंधरा किलो भात कालवणं त्या दोघांच्या कंबरेला झेपलं नसतं, आणि दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं.