आमचा जाड्या, त्याचा ससा

मला हळू चालणाऱ्या गोष्टींचा मनापासून कंटाळा. सिग्नल सुटल्यावर गिअर शोधणारा पुढचा रिक्षावाला, अडकत अडकत चालणारा व्हिडिओ, 'मॅडम, पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' म्हणणारे अकाउंट्सवाले... सगळ्यांचाच. अशा मुलीच्या टीममध्ये 460 किलो वजनाचा, दिवसाला 400 किलो हादडून ताणून देणारा प्राणी काय करतोय, असं माझ्या धाकट्या भावाने मला शंभरदा तरी विचारलं असेल.

प्राण्याचं नाव स्नॉरलॅक्स. हो, तोच! 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन सुरू झालं, तेव्हा आमच्या पिढीने दप्तर फेकून टीव्ही गाठलेला. त्यातला तो रस्ता अडवून झोपणारा ढब्बू. पिकाचूच्या फॅन्सनी कृपया पान उलटावं, आज त्यांचं काही काम नाही.

2020 च्या लॉकडाउनमध्ये आम्ही दोघं पुण्याच्या घरात अडकलो होतो. वर्क फ्रॉम होम संपलं की दोन खोल्यांत दोन लॅपटॉप आणि 'पोकेमॉन शोडाउन' नावाचा फुकटातला सिम्युलेटर. फंडा सोपा आहे. प्रत्येकाचे सहा पोकेमॉन. दोघांनी एकाच वेळी आपापली चाल निवडायची, ज्याचा स्पीड जास्त तो आधी मारतो. आम्ही खेळायचो ते आठव्या पिढीचे, म्हणजे 2019 च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड' गेम्सचे नियम. अजूनही तेच खेळतो, नवीन शिकायला वेळ कुणाला आहे?

भावाची टीम त्याच्यासारखीच. सगळे सुसाट. ड्रॅगापल्ट नावाचा जेट विमानासारखा ड्रॅगन, त्याचा मूळ स्पीड 142. आणि त्याचा लाडका सिंडरेस, म्हणजे आगीचा फुटबॉल खेळणारा ससा. आले, मारलं, संपलं. मी पण आधी तसलीच टीम बनवली आणि जाम मार खाल्ला. कारण फास्ट पोकेमॉन बहुतेक काचेचे असतात. समोरच्याचा स्पीड एकने जरी जास्त असला तरी आपण आडवे.

मग आला स्नॉरलॅक्स. मूळ स्पीड 30. पण मूळ हिट पॉइंट्स 160 आणि अटॅक 110! गेममध्ये नुसत्या भिंती पण असतात, मार खाणाऱ्या, पण कुणाचं काही न बिघडवणाऱ्या. हा तसा नाही. हा मार खातो, पचवतो आणि मग असा हाणतो की समोरचा उठत नाही. खेळणारे अशा गड्याला बल्की अटॅकर म्हणतात. मी त्याला जाड्या म्हणते.

जाड्याला वाढवण्यातच खरी मजा आहे, राव. प्रत्येक पोकेमॉनला तयारीचे 510 पॉइंट वाटता येतात, एका गुणाला जास्तीत जास्त 252. लेव्हल 100 ला चार पॉइंटला एक गुण वाढतो. नवखी माणसं 252 डोळे झाकून अटॅकमध्ये ओततात. मीही ओतले होते. चूक! अटॅक तो लढाईतच वाढवून घेतो. 'कर्स' नावाची चाल आहे, एकदा वापरली की अटॅक आणि डिफेन्स दीडपट, बदल्यात स्पीड कमी. आता ज्याला स्पीडच नाही, त्याचा काय कमी होणार? म्हणून माझे 252 हिट पॉइंट्सना, 252 डिफेन्सला. स्वभाव 'केअरफुल', त्याने स्पेशल डिफेन्स दहा टक्के वाढतो. अंगातली 'थिक फॅट' आग आणि बर्फाचा मार निम्मा करते. बाकीच्या तीन चाली म्हणजे बॉडी स्लॅम, क्रंच आणि रेस्ट, म्हणजे दोन चाली झोपायचं आणि फुल टू तब्येत परत. हातात लेफ्टओव्हर्स, चक्क उरलंसुरलं अन्न! त्याने दर चालीला सोळावा भाग भरून येतो. माझ्या जाड्याचे हिट पॉइंट्स 524, म्हणजे शिळंपाकं खाऊन दर वेळी 32 परत. आईला हे फार पटलं होतं.

वैताग पण आहेत. समोरच्याने 'टॉन्ट' टाकलं की कर्स आणि रेस्ट दोन्ही बंद, नुसतं मारत बसायचं. कुणी 'रोअर' केलं की जमवलेलं सगळं पाण्यात. आणि फायटिंग टाइपचा मार त्याला दुप्पट लागतो. तो गडी समोर जिवंत असताना कर्स करत बसणं म्हणजे शुद्ध बावळटपणा. मी तो अनेकदा केलाय.

2023 मध्ये भाऊ मास्टर्सला जर्मनीला गेला. त्याच वर्षी मी चॅनेलची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. आणि मागच्या पावसाळ्यात बाबांची बायपास झाली. फ्रीलान्सर म्हणजे घरातल्यांच्या मते 'मोकळीच असते'. हॉस्पिटल, इन्शुरन्सचे कागद, रात्रीच्या गोळ्या, सगळं माझ्याकडे. भाऊ आठ दिवस आला, डॉक्टरांशी फाडफाड बोलला, बिलातला मोठा वाटा भरला, आईला नवीन फोन घेऊन दिला आणि उडाला. पुढे एकदा फोनवर म्हणाला, "ताई, बाबांना रोज चालायला नेतेस ना? तुला काय, घरीच असतेस." मी त्या दिवशी दोन डेडलाइन्स चुकवल्या होत्या. जे तोंडात आलं ते बोलले. पैसे पाठवले की मुलगा होता येत नाही, असंही बोलले. ते बोलायला नको होतं.

चार महिने आम्ही फक्त फॅमिली ग्रुपवर होतो. त्याने बर्फाचे फोटो टाकायचे, मी अंगठा दाखवायचा.

डिसेंबरमधल्या एका रात्री साडेअकराला लेख संपवून सहज शोडाउन उघडलं, तर त्याचं चॅलेंज. हाय नाही, हॅलो नाही. त्याच्याकडे संध्याकाळचे सात. मी ॲक्सेप्ट केलं.

पहिले चार-चार पोकेमॉन पटापट गेले. मध्येच त्याच्या सशाने 'हाय जंप किक' मारली आणि हुकली. हा सशाचा आवडता जुगार. नव्वद टक्के लागते, नाही लागली तर स्वतःचेच निम्मे पॉइंट जातात. तसे गेले. त्याने ससा आत घेतला आणि ड्रॅगापल्ट काढला. तो 'शॅडो बॉल' टाकणार हे मला माहीत होतं, इतकी वर्षं खेळतोय आम्ही. मी त्याच चालीला जाड्याला आत आणलं. भुताचा मार त्याला लागतच नाही.

मग मी कर्स केला. त्याने 'ड्रॅको मीटिअर' टाकला, जाड्याची तिसरा हिस्सा तब्येत गेली. पण त्या चालीने मारणाऱ्याचीच ताकद निम्मी होते. दुसरा कर्स. दुसरा मीटिअर, निम्म्या जोराचा. मधेमधे शिळं अन्न चालूच. मग क्रंच. ड्रॅगापल्ट खलास.

आता माझे दोन शिल्लक, त्याचा एकच, तो लंगडा ससा. दोन कर्सनंतर किक लागली असती तरी जाड्याची निम्मी तब्येतही गेली नसती, आणि पुढच्या बॉडी स्लॅमला ससा आडवा. मी आईच्या खोलीतला दिवा बंद करून आले तरी त्याची चाल आली नव्हती. मग आली. किक. लागली. आणि स्क्रीनवर उमटलं, क्रिटिकल हिट!

चोवीसात एकदा होतं हे. क्रिटिकल हिट जमवलेला डिफेन्स मोजतच नाही, दोन्ही कर्स गेले गटारात. जाड्या धाडकन पडला. मागे उरलेली माझी रोझरेड सशापुढे काय टिकणार, ती 'पायरो बॉल'च्या एका फटक्यात गेली. इसापाच्या गोष्टीत असं होत नाही हो.

मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात चॅटमध्ये त्याचं आलं, "सॉरी."

नशिबाने क्रिट लागला की समोरच्याला सॉरी म्हणायची पद्धत आहे, सगळेच म्हणतात. पण हा आजवर कधी म्हणाला नव्हता. तो अशा वेळी नाचतो. मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मग लिहिलं, "रीमॅच?"

"उद्या. बाबा जागे आहेत का?"

"झोपलेत. सकाळी सातला उठतात."

"ओके."

आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे अडीच. सात वाजून पाच मिनिटांनी बाबांचा फोन वाजला.