मरुभूमींत सहा दिवस

संस्कृत वैयाकरण ‘मरु’ हा शब्द मरणें या अर्थाच्या ‘मृ’ धातूपासून साधतात. जेथें प्राणी मरतात तो मरु. ही व्युत्पत्ति मीं तीस वर्षें शाळेंत मुलांस सांगितली. परंतु मरुभूमि म्हणून जी म्हणतात ती स्वतःच्या डोळ्यांनीं कधीं पाहिली नव्हती. ती पाहण्याचा योग यावा तो साता समुद्रांपलीकडे, आणि तेथील एका खोऱ्याचें नांवही ‘मृत्यूचें खोरें’ असेंच असावें, हा विलक्षण योगायोगच म्हणावयाचा!

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहराजवळ राहतात. गेल्या वसंतऋतूंत आम्ही उभयतां त्यांच्याकडे होतों. मार्चअखेर मुलांच्या शाळेस आठवड्याची सुटी पडली, तेव्हां तंबू घेऊन मोटारीनें वाळवंटांतील दोन राष्ट्रीय उद्यानें पाहून येण्याचा बेत चिरंजीवांनीं काढला. मला तो मुळींच रुचला नाहीं. घरीं चांगलें छप्पर आणि नळास पाणी असतां सहा माणसांनीं दगडधोंड्यांत जाऊन निजावें, यांत शहाणपण तें कोणतें? शिवाय उद्यान म्हटलें कीं तेथें फुलें, वृक्ष, कारंजीं असावयाचीं. वाळवंटास उद्यान म्हणणें हा त्या शब्दाचा अपमान आहे, असेंही मीं बोलून दाखविलें. “अण्णा, तुम्ही या तर खरे, शब्दाचें मग पाहूं,” असें म्हणून चिरंजीव हंसले. बारा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू यांचे उत्सुक चेहरे पाहून मीही गप्प बसलों.

खाण्यापिण्याची तयारी आमच्या मंडळींनीं व सूनबाईंनीं केली. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, डाळीचें पीठ, लिंबाचें लोणचें, सर्व कांहीं डब्यांत भरलें गेलें. चिरंजीवांचें लक्ष मात्र एकाच गोष्टीकडे, तें म्हणजे पाणी. आम्ही प्रथम उतरणार होतों त्या ‘जंबो रॉक्स’ नांवाच्या तळावर पाण्याचा थेंबही मिळत नाहीं. माणशीं रोज निदान एक गॅलन, म्हणजे सुमारें पावणेचार लिटर, पाणी बरोबर बाळगावें असा उद्यानखात्याचा उपदेश आहे. त्याप्रमाणें दोन दिवसांकरितां सात सात गॅलनचे दोन डबे भरून घेतले. “हें पिण्याचें आणि स्वयंपाकाचें. स्नान त्यांत धरलेलें नाहीं,” असें सांगतांना चिरंजीवांनीं माझ्याकडे पाहण्याचें टाळलें. आजारपणाखेरीज माझें प्रातःस्नान कधीं चुकलें नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें.

पहिलें उद्यान ‘जोशुआ ट्री’. हा प्रदेश १९३६ सालीं राखीव झाला व १९९४ सालीं त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मोहावे आणि कॉलोराडो हीं दोन वाळवंटें येथें एकमेकांस भेटतात. पहिलें उंच आणि थंड, दुसरें सखल आणि उष्ण. ज्या झाडावरून उद्यानास नांव पडलें, तें मोठें चमत्कारिक आहे. खोड ताडासारखें खरखरीत, फांद्या वेड्यावांकड्या वर गेलेल्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोंकास सुऱ्यांसारख्या पानांचा झुबका. बायबलांतील यहोशवा हात उंच करून प्रार्थना करीत आहे, असें मॉर्मन पंथाच्या प्रवाशांस वाटलें व त्यांनीं तें नांव दिलें, अशी दंतकथा आहे. या झाडाच्या खोडांत वार्षिक वलयें नसतात. त्यामुळें त्याचें वय नेमकें सांगतां येत नाहीं.

या झाडाचें आणि एका लहानशा पतंगाचें नातें नातीनें आपल्या पुस्तिकेंतून मला वाचून दाखविलें. पतंगाची मादी एका फुलांतील पराग गोळा करून दुसऱ्या फुलांत मुद्दाम नेऊन घालते आणि तेथेंच अंडीं घालते. अळ्या बियांपैकीं कांहीं खातात, बाकीच्या झाडास उरतात. या पतंगावांचून झाडास बी धरत नाहीं, आणि झाडावांचून पतंगाचा वंश चालत नाहीं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत जी परस्परभावना सांगितली आहे, तिचें याहून बोलकें उदाहरण मला वर्गांत कधीं देतां आलें नव्हतें.

आमचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारें ४,४०० फूट उंचीवर, घराएवढ्या गोल गुळगुळीत शिळांच्या कुशींत होता. सूर्य मावळतांच अशी थंडी पडली कीं सूनबाईंनीं वाढलेलें पिठलें ताटांत निवूं लागलें. दिवे मालविल्यावर मात्र जें आकाश दिसलें, तसें मीं बालपणानंतर पाहिलें नव्हतें. पश्चिमेकडे मृग, त्याच्या मागें व्याध, ईशान्येस सप्तर्षि. आमच्या साताऱ्यास ध्रुव क्षितिजापासून सतरा-अठरा अंशांवर असतो; तो येथें चौतीस अंशांवर चढलेला! अगस्ति मात्र दिसेना. इतक्या उत्तरेस तो क्षितिजास जेमतेम लागून निघतो, आणि तेथें तर डोंगर आडवे. “अगस्ति कोण, आजोबा?” असें नातवानें विचारलें. तेव्हां समुद्र एका आचमनांत पिऊन टाकणाऱ्या त्या ऋषीची कथा मीं मुलांस सांगितली. वाळवंटांत ती सांगतांना तिला एक निराळाच रंग चढला.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना संकोच वाटतो; पण सांगितल्याशिवाय हें प्रवासवर्णन खरें होणार नाहीं.

पहांटे सवयीनें जाग आली. सर्व मंडळी निजलेलीं होतीं. स्नान नाहीं तर नाहीं, निदान तांब्याभर पाणी अंगावर घ्यावें, एवढ्यानें कोणाचें काय जातें, असा विचार मनांत आला. आदल्या दिवशीं पहिला डबा बहुतेक संपला होता. दुसऱ्याची तोटी उघडून मीं तांब्या भरून घेतला. थंडीनें बोटें बधिर झालीं होतीं. तोटी पुरती बंद झाली नाहीं, हें मला कळलेंच नाहीं. उजाडल्यावर चिरंजीव चहासाठीं उठले, तों डबा रिकामा, आणि खालील वाळू हातभर काळी पडलेली!

चिरंजीवांनीं नातवास हांक मारली. रात्रीं तहान लागली म्हणून तो एकदां उठला होता. “तोटी तूं उघडी ठेवलीस?” त्याचे डोळे पाण्यानें भरले. “नाहीं बाबा.” त्या वेळीं मीं काय करावयास हवें होतें, हें वाचकांस सांगावयास नको. परंतु मी क्षणभर गप्प राहिलों. ज्यानें तीस वर्षें फळ्यावर सत्याचीं सुभाषितें लिहिलीं, तो आठ वर्षांच्या पोराच्या आड क्षणभर लपला! तो क्षण अजून माझ्या मनांतून जात नाहीं. इतक्यांत पोर डोळे पुशीत म्हणालें, “आजोबा, रात्रीं अगस्ति आला असेल का?” सर्व हंसले. मला हंसूं येईना. “अगस्ति नव्हे रे, तुझा आजोबा आला होता,” असें म्हणून मीं सर्व कबूल केलें.

कोणी एक शब्द बोललें नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. चिरंजीव मोटार घेऊन ट्वेंटीनाईन पाम्स गांवीं जाऊन पाणी घेऊन आले. सकाळ फुकट गेली. मी शिळेवर बसून विचार करीत होतों. आपल्या धर्मशास्त्रानें वारुण म्हणजे पाण्याच्या स्नानाखेरीज मंत्रानें, मृत्तिकेनें, भस्मानें, गोरजानें, उन्हांतल्या पावसानें आणि केवळ चिंतनानें होणारींही स्नानें सांगितलीं आहेत. तीं मला मुखोद्गत होतीं. ज्यांनीं तीं सांगितलीं, त्यांस पाण्याचें दुर्भिक्ष ठाऊक होतें. मला केवळ नळ ठाऊक होता. पुढील सर्व दिवस मीं मंत्रस्नान केलें.

तेथून निघण्यापूर्वीं मुलांचा एक छोटासा समारंभ झाला. उद्यानाची पुस्तिका पुरी भरणाऱ्या मुलांस तेथील रक्षक उजवा हात वर करवून या भूमीचें रक्षण करण्याची शपथ देतात व एक बिल्ला लावतात. मौंजीबंधनांत बटु ज्या गंभीरपणें उत्तरें देतो, तोच गंभीरपणा नातवाच्या मुखावर होता.

तिसऱ्या दिवशीं आम्ही मोहावे वाळवंट ओलांडून उत्तरेस निघालों. ऑगस्ट २०२० मध्यें याच वाळवंटांत वणवा लागून जोशुआचीं सुमारें १३ लक्ष झाडें जळालीं, असें चिरंजीवांनीं सांगितलें. सायंकाळीं ‘डेथ व्हॅली’ म्हणजे तें मृत्यूचें खोरें आलें. येथील फर्नेस क्रीकचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारें १९० फूट खालीं आहे; सुदैवानें तेथें नळ होता. याच ठिकाणीं १० जुलै १९१३ रोजीं उष्णतामान १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस, झाल्याची नोंद आहे. मार्चमध्यें मात्र हवा आपल्या माघासारखी सुखाची होती.

दुसऱ्या दिवशीं ‘बॅडवॉटर’ पाहिलें. समुद्रसपाटीच्या २८२ फूट खालीं असलेली ही उत्तर अमेरिकेंतील सर्वांत सखल जागा. पायाखालीं कोसच्या कोस पांढरें शुभ्र मीठ, आणि वर कड्यावर ‘समुद्रसपाटी’ अशी पाटी. मुलें मान वर करून ती पाहत राहिलीं. पॅसिफिक महासागर तसा फारसा दूर नाहीं. परंतु मध्यें डोंगरांच्या रांगांमागून रांगा आहेत. प्रत्येक रांगेवर ढग आपलें पाणी टाकीत येतात, आणि या खोऱ्याच्या वांट्यास वर्षाकाठीं जेमतेम दोन इंच पाऊस उरतो. महाबळेश्वर धो धो भिजत असतां त्याच जिल्ह्यांतील माण तालुका कोरडा कां, याचें उत्तर तेंच आहे. तें मीं नातीस समजावून सांगितलें. पण निसर्गाचा लहरीपणा असा, कीं २० ऑगस्ट २०२३ रोजीं एका वादळाच्या शेषानें एकाच दिवसांत २.२ इंच पाऊस पडला, आणि या मिठावर कित्येक महिने सरोवर पसरलें होतें.

नांवाची कथा नातीनें सांगितली. १८४९ च्या अखेरीस सोन्याच्या शोधांत निघालेली कांहीं मंडळी जवळच्या वाटेच्या लोभानें या खोऱ्यांत येऊन अडकली. त्यांत लहान मुलेंही होतीं. अन्न संपलें, बैल मारून खाण्याची पाळी आली. तेव्हां मॅन्ली आणि रॉजर्स हे दोघे तरुण मदत आणण्यास पायीं निघाले. सुमारें २५० मैल चालून ते वस्तींत पोंचले आणि अन्न घेऊन परत आले. जाऊन येण्यास २६ दिवस लागले. आपला जीव वांचला असतां कोण परत येतो? पण ते आले. मग सदऱ्यांच्या झोळ्या करून त्यांत मुलांस बसविलें, त्या बैलाच्या पाठीवर टाकल्या आणि सर्व बाहेर पडलीं. डोंगर चढून गेल्यावर मागें वळून कोणी तरी त्या खोऱ्याचा निरोप घेतला, तो या नांवानें. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्यांनीं प्रॉमिस केलें होतें ना, म्हणून ते आले.”

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. या खोऱ्यांत टिंबिशा शोशोनी लोक कित्येक शतकें राहत आले आहेत. मेस्किटच्या शेंगा आणि डोंगरावरील चिलगोज्यासारख्या बिया खाऊन, उन्हाळ्यांत वर चढून व हिवाळ्यांत खालीं उतरून, ते येथें नांदले. त्यांच्या भाषेंत या जागेचें नांव तेथील तांबड्या मातीच्या रंगावरून आहे. मरणाचा त्यांत गंधही नाहीं. त्यांची कांहीं भूमि सरकारनें कायद्यानें परत दिली, तीही २००० सालीं! एका संकटाच्या कांहीं आठवड्यांत पाहुण्यांनीं ठेवलेलें नांव नकाशावर राहिलें. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचें मागें पडलें. ‘मृ’ धातूची व्युत्पत्ति खोटी नव्हे, पण ती वाटसरूची आहे, राहणाऱ्याची नव्हे, असें मला तेव्हां वाटलें.

कोणा वाचकाचीं मुलें तिकडे असतील, तर नोव्हेंबर ते मार्च या काळांतच या खोऱ्यांत जावें; उन्हाळ्यांत नव्हे. पाणी हिशेबाहून अधिक घ्यावें, आणि डब्याची तोटी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

असो. घरीं परतल्यावर सामान आवरतांना तो रिकामा डबा माझ्या हातीं आला. त्यावर नातवानें आपल्या कच्च्या बाळबोध अक्षरांत ‘अगस्ति’ असें लिहून ठेवलें होतें. चिरंजीव तें पुसूं लागले. “राहूं दे,” मीं म्हटलें.